उधाणातली गोळी

केसर चोगले आजारी पडली तेव्हा कोळीवाड्याला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल, तर तिला काहीच झालं नव्हतं याचा. नवरा धडधाकट. मुलगा चिराग स्वतःच्या बोटीवर तांडेल. सून पूनम म्हसळ्याच्या आतल्या भातशेतीवाल्या घरातली, पण वर्षभरात मासळी अशी कापायला शिकलेली की आळीतल्या बायकांनी तिच्यात खोड काढायचं सोडून दिलेलं. वादळात उडालेलं छप्परही कधीच परत चढलेलं. मग बाईने खाट धरायची कशापायी? कारण नसताना आजारी पडणं म्हणजे आमंत्रण नसताना पंगतीत बसण्यासारखं, असं आळीचं मत पडलं.

आणि केसर म्हणजे कोणी साधीसुधी नव्हे. बंदरावर लिलाव पुकारायची ती. अठ्ठावीस वर्षं. बोटी लागल्या, पाट्या ओळीने मांडल्या, की केसर कंबरेला पदर खोचून मधोमध उभी राहायची आणि "बोला!" म्हणायची. तिचं 'बोला' ऐकून तिकडे आगरदांड्याच्या जेट्टीवर फेरीबोटीची माणसं दचकतात, असं लोक सांगायचे. मधे किती मैल पाणी आहे, याची चौकशी सांगणाऱ्याकडे करायची नसते.

तर अशी ही केसर दोन वर्षांपूर्वी, नारळी पौर्णिमा होऊन बोटी पाण्यात गेल्यावर चौथ्या दिवशी सकाळी खाटेवरून खाली उतरलीच नाही. ताप नाही, खोकला नाही. भिंतीकडे तोंड. चिरागने विचारलं, "आये, काय होतंय?" ती म्हणाली, "काय न्हाय होत." आणि तेच खरं होतं. काहीच होत नव्हतं. भूक होत नव्हती, झोप होत नव्हती, रडू होत नव्हतं. बोंबील आले की पापलेट आले, तिच्या लेखी सगळं एकाच रंगाचं.

मग उपाय सुरू झाले. नारळ फिरवून झाला, अंगारा झाला, चुलत सासूच्या माहेरचा एक जाणता येऊन कोंबडा जेवून गेला. शेवटी पूनमने रिक्षा बोलावली आणि सासूला तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन बसवलं. तिथे महिन्यातून एका मंगळवारी मनाचे डॉक्टर यायचे. त्यांनी आधी नवीन काळातली एक गोळी दिली. चार महिने घेतली. पोटात ढवळायचं आणि मन होतं तिथेच नांगर टाकून बसलेलं. डॉक्टर निवृत्तीला आलेले, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे. त्यांनी मग एक जुनी गोळी लिहून दिली. म्हणाले, "ही मी शिकत होतो तेव्हापासूनची आहे. जुन्या इंजिनासारखी. धूर सोडील, आवाज करील, पण नेईल."

नेलं. तीन आठवडे काही कळलं नाही. चौथ्या आठवड्यात एका दुपारी केसर खाटेवर उठून बसली आणि ओरडली, "कोण ते बोंबील जाळतंय? नाक हाय का कापून दिलंय?" पूनमने तवा उतरवला आणि चुलीपाशीच रडायला बसली. सुनेला सासूची शिवी खाऊन एवढा आनंद झाल्याचं कोळीवाड्याच्या इतिहासात दुसरं उदाहरण नाही.

पण धूर आणि आवाज म्हणजे काय, तेही हळूहळू कळलं. झोप लागायची, छान लागायची, पण सकाळी नऊपर्यंत डोक्यात धुकं राहायचं. खाटेवरून झटकन उठलं की घर बोटीसारखं डोलायचं. पोट तीन तीन दिवस संपावर. आठ महिन्यांत पोलक्यांच्या शिवणी दोनदा उसवल्या. हे सगळं केसरने गिळलं. एक मात्र गिळवेना, कारण गिळायला तोंडात ओलच उरली नाही. जीभ टाळूला अशी चिकटायची, की तिसऱ्या पाटीला 'बोला' म्हणताना नुसता 'ब' बाहेर यायचा आणि बाकीचं आत अडकायचं. थुंकी सुटावी म्हणून खारवलेल्या सोड्याचा, सुक्या कोळंबीचा, तुकडा गालात धरून बघितला. त्याने तहान तेवढी वाढली.

लिलाव पुकारणारी बाई आणि तोंडाला थुंकी नाही! हे म्हणजे तांडेलाला पाण्याची भीती बसल्यासारखं झालं.

बंदरावर हे सगळ्यात आधी कोणाच्या ध्यानात आलं असेल तर विनेशच्या. विनेश म्हणजे मुंबईला माल पाठवणारा व्यापारी, पांढरे बूट घालून मासळीबाजारात फिरणारा रायगड जिल्ह्यातला बहुधा एकमेव माणूस. त्याच्या मनात लिलाव आपल्या माणसाच्या हातात यावा असं फार दिवसांचं होतं. केसर समोर असली की चांगल्या पाट्या त्याला भाव पाडून मागता येत नसत. तो गोड बोलायचा. "मावशी, टेन्शन नका घेऊ. रेस्ट करा. किती वर्षं ओरडणार?" केसरला त्याच्या 'रेस्ट' या शब्दात खाट दिसायची. भिंतीकडची.

म्हणून तिने एक तोड काढली. ती तोड पुण्यामुंबईच्या माणसाला सुचली नसती. डोल लावणाऱ्या घरातच ती सुचू शकते.

डोलीचं जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण. पाणी जोराचं, जाळी भरतात, बोंबील, करंदी, मांदेली, पाट्यांची रांग लागते. अष्टमीच्या आसपास भांग. पाणी मेलेलं, जाळं सैल लोंबतं, माणसं जाळी शिवत बसतात. आठेक दिवस हे, आठेक दिवस ते. कोळीवाड्यात लग्नाची बोलणी, घराची रंगरंगोटी, दाढदुखीसुद्धा भांगेवर ढकलायची रीत. केसरने गोळीही त्याच रितीत बसवली. भांगेत रोज घ्यायची, कारण तेव्हा ओरडायचं कुठे असतं? आणि उधाण लागायच्या आदल्या दिवशी बंद, म्हणजे तोंडाला ओल येते, आवाज मोकळा होतो. घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची आणि गोळी ठरवायची. कोणाला सांगायचं नाही. तिला वाटलं, समुद्राला जे आठ-आठ दिवसांनी चालतं ते आपल्या डोक्याला न चालायला काय झालं?

न चालायला बरंच काही झालं. बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी आवाज सुटायचा खरा, पण चौथ्या दिवसापर्यंत झोप उडायची, घाम फुटायचा, मळमळायचं, माणसांकडे बघवायचं नाही. उधाण संपेस्तोवर ती परत त्या एकरंगी जगाच्या उंबऱ्यावर. मग गोळी सुरू. ती कुठे लागू पडते न पडते तोवर पुढची पौर्णिमा. आवाज होता तेव्हा पुकारायची इच्छा नव्हती, आणि इच्छा होती तेव्हा पाट्या नव्हत्या. असं तिने चार महिने रेटलं.

दरम्यान म्हातारे डॉक्टर निवृत्त होऊन पुण्याला गेले आणि त्यांच्या जागी डॉक्टर सोनल आल्या. वय तिशीचं, गाव लातूरकडचं, समुद्र आयुष्यात दोनदा बघितलेला. दर चौथ्या मंगळवारी यायच्या. आता चार आठवडे म्हणजे अठ्ठावीस दिवस, आणि चंद्राचा फेरा साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणजे जवळपास तेवढाच. त्यामुळे झालं असं, की पहिल्या तिन्ही मंगळवारी उधाण ओसरत आलेलं, गोळी बंद होऊन पाच-सात दिवस झालेले, आणि केसर समोर बसलेली ती डोळे खोल गेलेली, हात चोळणारी, एका शब्दात उत्तर देणारी. डॉक्टरीणबाईंनी तिन्ही वेळा कागदावर लिहिलं: सुधारणा नाही.

तिसऱ्या मंगळवारी त्यांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, ही गोळी बंद करूया. तुमचं वय छप्पन्न. ही जुनी औषधं हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतात. उठताना चक्कर येते म्हणता, बंदरावर ओल्या फरशीवर पडलात तर? तोंड कोरडं, पोट साफ नाही, वजन वाढलेलं. आणि एवढं सोसून फायदा तर दिसत नाही. ही हळूहळू कमी करू आणि दुसरी, नवीन सुरू करू."

केसर इतका वेळ जमिनीकडे बघत होती. 'बंद' म्हटल्यावर तिने मान वर केली.

"मी ही गोळी सोडणार न्हाय."

"का?"

"हिने मना उठवली."

"पण तुम्ही उठलेल्या दिसत नाही ना, मावशी."

शेजारी बसलेल्या पूनमला राहवलं नाही. "नाय मॅडम, गेल्या आठवड्यात बऱ्या होत्या. भांडल्या पण. मधेच अशा होतात."

डॉक्टरीणबाईंनी दोघींकडे पाहिलं. मग हात पुढे केला. "गोळ्यांची पाकिटं आणलीत? दाखवा."

पूनमने पिशवीतून पाकिटं काढली. संपायला हवी होती, आणि अर्धी भरलेली. पूनमचं तोंड उघडं राहिलं. डॉक्टरीणबाईंचं नाही, त्यांनी हे आधी पाहिलं असावं.

"या कशा उरल्या?"

केसर म्हणाली, "उधाणात घेत न्हाय."

"कशात?"

"उधाणात. भांगेत घेते."

"भांग घेता तुम्ही?"

पूनमने कपाळाला हात लावला. मग दवाखान्याच्या त्या खोलीत, बाहेर वीस माणसं खोकत असताना, केसरने लातूरच्या बाईला भरती-ओहोटी शिकवली. टेबलावरचा पेपरवेट चंद्र झाला, स्टेथोस्कोपची नळी डोलीचं जाळं झाली. पाणी कधी ओढतं, पाट्या कधी भरतात, आवाज कधी लागतो, सगळं. डॉक्टरीणबाई ऐकता ऐकता आपल्या जुन्या नोंदी काढून तारखा बघत गेल्या. मोबाइलवर अमावस्या-पौर्णिमा बघितल्या. आणि खुर्चीला टेकल्या.

"म्हणजे मी तीनदा तुम्हाला गोळीशिवाय तपासलं आणि दोष गोळीला दिला."

"तुमचा काय दोष, बाय? तुमच्याकडे समुद्र न्हाय."

"मावशी, हे औषध असं चालत नाही. ते अंगात साठून स्थिर राहावं लागतं. एकदम सोडलं की शरीर बिथरतं. घाम, मळमळ, झोप उडणं, ते त्याचंच होतं. तुम्ही दर पंधरा दिवसांनी स्वतःला नव्याने आजारी पाडताय."

"मग आवाजाचं काय करू? तुमची नवी गोळी तोंड सुकवते का?"

"कमी. बऱ्याच जणांना नाही. हृदयालाही ती सुरक्षित."

"आणि ती मना लागू पडेल? खात्री हाय?"

डॉक्टरीणबाई खोटं बोलू शकल्या असत्या. "खात्री कुठल्याच गोळीची देता येत नाही. एक तुम्हाला लागू पडली नाही, दुसरी पडू शकते. पण कळायला महिना-दीड महिना जाईल. आणि ही उतरवताना मधले काही दिवस वाईट जाऊ शकतात."

"मग ऐक, बाय." केसर आता पुढे सरकली होती, पूनमने ओळखलं, हा लिलावातला पवित्रा होता. "तोंड सुकतं, मना म्हाईत हाय. पोट, वजन, चक्कर, तुझ्या कागदावर लिहिलंय त्यापेक्षा मना जास्त म्हाईत, माझ्याच अंगात हाय ते. तू म्हणतेस ते खोटं न्हाय. पण एका पाटीत हे सगळं ठेव, आणि दुसऱ्या पाटीत ती खाट ठेव. भिंतीकडची. मी सहा महिने पडली होती तिच्यावर. नातवंड झालं तर बघायला उठेन का, हे पण वाटत नव्हतं. तू ती खाट बघितली न्हाय. मी बघितली. मग तोलायचं कुणी? मी तोलणार."

"तोला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण अर्धं वजन लपवून नको. उधाण-भांग बंद. रोज घेणार असाल तर मी ऐकते."

आता घासाघीस झाली. डॉक्टरीणबाई हृदयाचा कागद, ईसीजी, काढल्याशिवाय पुढे जायला तयार नाहीत. केसर म्हणाली, काढ. तो तिथेच निघाला, ठीक निघाला, तरी तीन महिन्यांनी परत काढायचा. डोस थोडा कमी. वेळ रात्री नाही, दिवेलागणीला, म्हणजे सकाळचं धुकं लवकर उतरेल. उठताना आधी बसायचं, मग उभं राहायचं. गालातला खारा सोडा बंद. पाणी घोट घोट. महिनाभरात डोकं स्थिर नसेल, किंवा चक्कर वाढली, तर नव्या गोळीचं बोलणं परत काढायचं, आणि तेव्हा केसरने कान बंद करायचे नाहीत. हे शेवटचं केसरने दोनदा विचार करून कबूल केलं.

"आणि एक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "महिन्याच्याच गोळ्या देते, जास्त नाही. एकदम जास्त पोटात गेल्या तर ही जुनी गोळी जीव घेते. तुमच्या मनात कधी तसं...?"

"मरायचं असतं तर समुद्र दाराशी हाय, बाय."

"म्हणूनच विचारतेय."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत हे केसरला आवडलं. तिने खरं सांगितलं, "त्या सहा महिन्यांत आलं होतं. आता न्हाय." पूनमने हे पहिल्यांदाच ऐकलं. परतीच्या रिक्षात तिने सासूचा हात धरला तो कोळीवाड्यापर्यंत सोडला नाही. केसर कुरकुरली, "माझा हात काय पळून चाललाय?" पण काढून घेतला नाही.

भांग गेली, मधलं एक उधाण घरातच गेलं, पुढची भांगही गेली. गोळी रोज दिवेलागणीला. पौर्णिमा जवळ आली तसा तिचा हात सवयीने कॅलेंडरकडे जायचा, आणि ती स्वतःलाच एक शिवी द्यायची. मग उधाण लागलं. तोड काढल्यापासून गोळी चालू ठेवून बंदरावर उतरायचं तिचं हे पहिलं उधाण.

सकाळी दहाच्या सुमाराला बोटी लागल्या. चिरागच्या बोटीचे बोंबील असे की पाट्या पुरेनात. केसर बंदरावर आली. डोकं स्वच्छ होतं, भूक लागलेली होती, सगळ्या पाट्या वेगवेगळ्या रंगाच्या दिसत होत्या. आणि तोंड वाळूसारखं कोरडं. तिने पहिल्या पाटीला "बोला" म्हटलं. फाटका, बसका आवाज, दोन हातांपलीकडे न पोचणारा.

विनेश तयारीने आलेला होता. त्याने गाडीतून भोंगा काढला, भाजीवाले फिरवतात तसला, बॅटरीवरचा. "मावशी, हा घ्या. नाहीतर आमचा सदा पुकारेल आज. तुम्ही रेस्ट करा." आणि मग, आवाज जरा खाली घेऊन, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकाच खाली: "त्या डोक्याच्या गोळ्या घेतल्यावर होतं असं. माझ्या कानावर आलंय."

आळीतल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. दोन वर्षं जे दाराआड होतं ते ओल्या फरशीवर येऊन पडलं होतं, आणि त्यावर कोण पाय देतं ते सगळे बघत होते.

केसरने पाय दिला.

"व्हय," ती म्हणाली. "डोक्याच्या गोळ्या खाते. रोज खाते. त्याने तोंड सुकतं, पोट अडतं, पोलकी उसवतात. अजून काय विचारायचं असेल तर विचार. न्हायतर तुझा भोंगा घेऊन बाजूला हो, पाटीवर सावली पडते."

कोणीतरी फिसकन हसलं. विनेशचे पांढरे बूट एक पाऊल मागे गेले.

मग केसरने आजवर कोणी न केलेली गोष्ट केली. लिलाव पुकारणारी बाई बसत नाही, ही बंदराची रीत. केसरने एक रिकामा क्रेट पालथा घातला आणि त्यावर बसली. चिराग पुढे आला. "आये, बरं न्हाय का वाटत? मी पुकारतो."

"तू जाळी धू."

ती तशीच बसून, त्याच बसक्या आवाजात बोलू लागली. ओरडायचा प्रयत्नच सोडून दिला. दर सांगितला एकदाच. जे जवळ होते त्यांनी ऐकलं, जे लांब होते त्यांनी "काय? काय?" केलं. "दोनदा सांगणार न्हाय," केसर म्हणाली. पहिली पाटी गेली. दुसरी गेली. लांबचे जवळ आले. जवळच्यांनी मागच्यांना दटावलं, "अरे गप ना, ऐकू येत न्हाय." अठ्ठावीस वर्षांत जे कधी झालं नव्हतं ते झालं: लिलाव चालू आणि बंदरावर बर्फ फोडण्याचा आवाज ऐकू येतोय. मोठमोठे गाडीवाले केसरभोवती उकिडवे बसून मान पुढे काढून ऐकतायत, शाळेत बसल्यासारखे.

विनेश मात्र हाताची घडी घालून लांब उभा होता. थोड्या वेळात बाई थकेल, असा त्याचा हिशोब. त्या दिवसातल्या सगळ्यात चांगल्या पाट्या, चिरागच्या बोटीच्या, हातभर लांब टवटवीत बोंबलांच्या, सहाच्या सहा एकदम पुढे आल्या. केसरने दर सांगितला. दिवेआगरच्या दोन बायका घरगुती खानावळींसाठी माल नेतात, त्या अगदी पुढ्यात बसलेल्या. त्यांनी बोली दिली. केसरने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि पाट्यांवर हात ठेवला. "गेल्या."

"ओ मावशी!" विनेश धावत आला. "मी बोलणार होतो! मला ऐकूच नाही आलं!"

"मग?"

"मग काय? परत बोला. जरा मोठ्याने बोला ना!"

केसरने पूनमच्या हातून पाण्याचा तांब्या घेतला. सावकाश एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. तेवढा वेळ सगळं बंदर थांबलं होतं. मग तिने क्रेटसमोरची ओली फरशी हाताने दाखवली.

"मोठ्याने न्हाय होणार आता. गोळी चालू हाय. तुना ऐकायचं असेल तर बूट काढ आणि हितं खाली बस."

विनेशने आजूबाजूला बघितलं. कोणीच त्याच्या बाजूने हसत नव्हतं. पुढची पाटी मांदेलीची होती, आणि केसरने ओठ उघडले होते.

त्याने बूट काढले.